बारावा खण

आप्पा गेल्याची तार मला कॉलेजात मिळाली. दुसरा तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीकडे येत होतो, शिपायाने दारातच लिफाफा हातात दिला. तारघरात नऊ वर्षं काढलेला माणूस तार उघडली की आधी मजकूर वाचत नाही, वरच्या कोपऱ्यातली वेळ बघतो. मीही तेच केलं. सव्वानऊला नोंदवलेली, साडेदहाला पोचलेली. वाटेत दोन तारघरांतून हात बदलून सव्वा तासात आली होती. मनात आलं, वा, कुठे अडकली नाही... आणि मग खाली वाचलं, 'सुकलाल आप्पा आज सकाळी गेले.' तार वेळेवर आली होती. वेळेवर पोचलो नव्हतो तो मी. तीन आठवड्यांपूर्वी आप्पांचं कार्ड आलं होतं. 'सवड काढून एकदा येऊन जा,' एवढंच. मी उलट टपाली उत्तर पाठवलं होतं. काय पाठवलं होतं ते पुढे सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

आज पाच आठवडे झाले. कॉलेजातले लोक विचारतात, कोण होते तुमचे? नात्याचं नाव सांगता येत नाही. आप्पा तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या घरातले, मी रनाळ्याच्या एका सालदाराचा मुलगा. मॅट्रिक झालो आणि आमच्या तालुक्याच्या गावच्या तारघरात कारकून म्हणून लागलो, तेव्हा आप्पा तिथे तारमास्तर होते. देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली असतील. आमच्या घरात त्याआधी कुणाच्या नावाने कधी तार आलेली नव्हती, आणि मी तर तारा घेणाऱ्याच्या खुर्चीवर बसलो होतो. पहिल्या दिवशी यंत्राची कडकट्ट ऐकून मी खुर्ची मागे सरकवून उभाच राहिलो. आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नको रे भो. हाई बी आपली अहिराणीसारखीच बोली शे. कानले सवय व्हयनी का आपसूक समजस." आप्पा स्वतः सातवी पास. इंग्रजी त्यांना यायचं ते तारेपुरतं, पण त्यांच्या हाताने घेतलेल्या तारेत कधी एक अक्षर चुकलेलं मी पाहिलं नाही.

आमचं तारघर लहान असलं तरी मधलं होतं. वरच्या मोठ्या तारघराकडून आलेल्या तारा आम्ही घ्यायच्या, गावातल्या असतील त्या वाटायला द्यायच्या आणि बाकीच्या तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या लहान तारघरांकडे पुढे पाठवायच्या. तोरणमाळसारख्या ठिकाणच्या तारा पायथ्यापर्यंतच जायच्या आणि तिथून माणूस पायी घेऊन वर चढायचा. पुढची लाईन मोकळी होईपर्यंत आलेला कागद ठेवायला भिंतीवर एक सागवानी फळी होती, बारा खणांची. एका तारेला एक खण. छोटी तार एका दमात यायची. लांब तार, म्हणजे सरकारी हुकूम किंवा कापसाच्या व्यापाऱ्यांचे भाव, पन्नासपन्नास शब्दांच्या तुकड्यांनी यायची, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दुसऱ्यांच्या तारा यायच्या. पहिला तुकडा आला की त्या तारेला खण द्यायचा, पुढचे तुकडे येतील तसे त्यातच ठेवायचे आणि शेवटचा आला की सगळी मोट बांधून पुढे पाठवायची. अर्धी तार पुढे पाठवायची नाही, खण रिकामा नसेल तर नवी तार घ्यायची नाही आणि वरच्या तारघराने तारा आणि तुकडे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाठवायचे, मागचा पुढे काढायचा नाही, असे तीन नियम होते. तिन्ही शहाणपणाचेच होते. आम्ही ते देवाच्या शब्दासारखे पाळत होतो.

त्या वर्षी कापूस उदंड आला होता आणि त्या दिवसांत लांब तारांचा नुसता पाऊस होता. एका सकाळी बाराही खण भरले. प्रत्येकात एखादा तुकडा, फार तर दोन. वरच्या तारघराने बोलावलं, 'एक तार आहे, घेता का?' आप्पांनी खणांकडे पाहिलं आणि बटण वाजवलं, 'थांबा.' अर्ध्या तासाने पुन्हा विचारणा झाली. पुन्हा 'थांबा.' संध्याकाळपर्यंत हेच चाललं. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही लाईनला दोष दिला, बॅटऱ्या धुतल्या, लाईनमनला खांब तपासत पार पुढच्या स्टेशनापर्यंत पायी पाठवलं. तो परत येऊन पाय चोळत म्हणाला, "आप्पा, तार तं एकदम झाक शे. तुम्हीच बोली नही ऱ्हायनात एकमेकशी, सासूसूनसारखं!" आम्ही हसलो. आप्पा जेवायला उठले की खुर्चीवर मी बसायचो. विचारणा झाली की मीही वाजवायचो... 'थांबा.' किती वेळा वाजवलं असेल? दहा? बारा? मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका व्यापाऱ्याने चिडून आपली अर्धवट तार रद्द केली. रद्दची सूचना घ्यायला खण लागत नाही. ती आली तशी आप्पांनी त्याचा कागद काढून टाकला आणि वर कळवलं, 'एक घेतो.' अडीच दिवस सगळ्यांच्या पुढे उभी असलेली तार शेवटी सुरू झाली. मी शेजारी बसून दुसरं काही लिहीत होतो. आप्पांची पेन्सिल नेहमीसारखी चालत होती, आणि मधेच थांबली. यंत्र वाजत राहिलं. मी वाकून पाहिलं. कागदावर पत्ता होता आमच्या गावाचा आणि नाव होतं त्यांचंच. मजकूर एका ओळीचा. 'जिजी अत्यवस्थ. सारखी आठवण काढते. लगेच ये.' नोंदवल्याची वेळ अडीच दिवसांपूर्वीची.

जिजी म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आप्पा चार वर्षांचे होते आणि जिजी अकराची. तिने त्यांना कडेवर वाढवलं. त्यांना शाळेत घालायला वडील तयार नव्हते, तर म्हणे तिने दोन दिवस चूल पेटवली नाही. तिचं लग्न सुरतेकडे झालं होतं. आप्पांनी ती तार पूर्ण लिहून घेतली, खाली वेळ घातली, पोचल्याची खूण वाजवली, आणि मग उठले. एवढं करूनच उठले. "मधू, पुढलं तू घे," म्हणाले आणि स्टेशनवर गेले. जिजी आदल्या रात्रीच गेली होती, हे त्यांना तिच्या गावी उतरल्यावर कळलं. सकाळीच अग्नी देऊन माणसं घरी आली होती. मेहुणे ओट्यावर बसले होते. ते एवढंच बोलले, "सुकलाल, तारघरमा बठेल माणूसले तार भेटनी नही?"

हे आप्पांनी मला परत आल्यावर सांगितलं. एकदाच. त्यानंतर त्यांच्या तोंडून मेहुण्यांबद्दल शब्द निघाला नाही. पण कामातलं त्यांचं लक्ष बदललं. लाईन दुरुस्त झाली होती असं सगळे म्हणत होते, कारण त्या एका तारेनंतर सगळं भराभर वाहू लागलं होतं आणि संध्याकाळपर्यंत खण मोकळे झाले होते. आप्पा म्हणायचे, "लाईन तुटेलच नव्हती, तं दुरुस्त कशी व्हयनी?" ते त्या दिवसांच्या नोंदी काढून बसायचे. कोणती तार कधी आली, कोणता तुकडा कशामागे उभा होता. बोट ठेवून ठेवून बघायचे. नियम तर एकही मोडलेला नव्हता. ना आम्ही मोडला होता, ना वरच्यांनी. मग चुकलं कुठे, हे त्यांना सापडत नव्हतं, आणि ते सापडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

दोन महिन्यांनी रनाळ्याला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. मी आग्रह करून आप्पांना नेलं. मांडवात पहिली पंगत बसली. आमच्याकडची रीत अशी की एका घरचे सगळे भाऊ बसल्याशिवाय कुणी पहिला घास उचलत नाही, म्हणून जो आधी येतो तो शेजारच्या पत्रावळीवर हात ठेवून भावांची जागा धरतो. त्या दिवशी सगळ्याच घरांनी जागा धरल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी नवरदेवाचा म्हातारा मामा काठी टेकत उभा होता आणि त्याच्या मागे सगळे राहिलेले भाऊ. वाढपी बुंदीची परात घेऊन अवघडून गेला होता.

"जेवा ना भो आते, पोटमा कावळा वरडी ऱ्हायनात!"

"कसा जेवू? मन्हा भाऊ येवाना शे. हाई पत्रावळ तेन्ही शे."

"कोठे शे तुन्हा भाऊ?"

"तो काय, मामाना मांगे उभा."

"मंग बलाव तेले!"

"मामाले टाकीसन पुढे कसा येई तो? मान शे मामाना."

"मंग मामाले बसाड!"

"कोठे बसाडू? जागा शे का एक बी?"

सगळा मांडव हसला. कुणी म्हणालं, असंच बसा सगळे, उद्या पाठवणीलाच जेवा. मीही हसत होतो. शेजारी पाहिलं तर आप्पा हसत नव्हते. ते पत्रावळींच्या रांगेकडे बघत होते, एकेक जागा मोजल्यासारखं. मग एकदम उठले, मामाजवळ गेले आणि हात धरून म्हणाले, "मामा, मन्ही जागावर बसा." मामा बसला, आणि धरण फुटावं तसे मागचे भाऊ आत आले. प्रत्येकाची पत्रावळ वाट बघतच होती. दोन मिनिटांत घास सुरू झाले.

आप्पा बाहेर जाऊन मांडवाच्या खांबाला टेकले होते. मी पाणी घेऊन गेलो. ते म्हणाले, "मधू, हाईच शे रे आपलं तारघर. बारा खण, बारा पत्रावळी. सगळ्यासनी जागा धरेल. ज्यासनासाठी धरेल ते मांगे उभा, आन पुढे जो उभा तेले जागा नही. कोनी चुकेल नही. सगळा मान राखी ऱ्हायनात..." मी म्हणालो, "हो आप्पा, बरोबर." त्यांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. "आन दारमा जी उभी व्हती ना," ते म्हणाले, "ती जिजी व्हती. मी अडीच दिन तिले थांब थांब म्हनी ऱ्हायनू." सनई वाजत होती, पोरं खांबाभोवती पळत होती. माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तारघरात येताच त्यांनी बाराव्या खणाच्या कडेला चुन्याचं बोट ओढलं. त्या दिवसापासून तो खण कायम रिकामा राहायचा. लांब तारांनी अकरात भागवायचं. अकरा भरले आणि आणखी एक लांब तार आली, तर वरच्यांना सांगायचं की ती बाजूला बसवा आणि मागच्यांना वाट द्या. बारावा फक्त एका तुकड्याच्या तारेसाठी होता. ती यायची, टेकायची आणि निघून जायची. एवढीच दुरुस्ती. ना नवं यंत्र, ना नवी माणसं. वरच्या तारघरातल्या माणसाला समजावताना मात्र आप्पांची बोटं दुखली, कारण क्रम मोडायचा म्हणजे त्याला पाप वाटत होतं. शेवटी तो तयार झाला. पुढच्या हंगामात कापूस तसाच आला, तारा तशाच आल्या, आणि आमचं तारघर एक तासही तुंबलं नाही.

तुंबलं नाही म्हणून कुणाला काही दिसलंही नाही. दिसला तो रिकामा खण. तपासणीला आलेल्या साहेबांनी छडीने तो दाखवला आणि विचारलं, हंगामात जागा रिकामी ठेवता? आप्पांनी पंगतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, सरकारी कचेरीत लग्नाच्या गोष्टी नकोत, लेखी खुलासा द्या. मग आप्पा माझ्याकडे आले. ते बोलत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेलो. चार दिवस लागले. शेवटी मी विचारलं, "आप्पा, जिजींबद्दल लिहायचं का?" ते म्हणाले, "नको. ती कामनी गोष्ट नही." खुलाशाला उत्तर आलं नाही. त्यांची बढती त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी राहिली. एकदा मीच वैतागून म्हटलं, भरून टाकू तो खण, कशाला साहेबांशी वैर? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुन्हा घरनं कोनी दारमा उभं ऱ्हायनं नही ना, म्हनीसन बोलस." मी परत कधी तसं बोललो नाही. दीडेक वर्षाने विभागाच्या सगळ्या तारघरांना एक परिपत्रक आलं. हंगामात एक खण राखून ठेवावा आणि लांब तारा बाजूला घ्याव्यात. खाली कुणाचं नाव नव्हतं. माझ्या खुलाशातली दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी होती. आप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरं व्हयनं."

तो खुलासा लिहिला त्या आठवड्यातच ते मला म्हणाले होते की तू बी.ए.ला बस. मी हसलो होतो. कॉलेज कुठे, मी कुठे? ते हसले नाहीत. बाहेरून परीक्षा देता येते याची चौकशी त्यांनीच केली. चार वर्षं माझी दुपारची पाळी त्यांनी स्वतःच्या पाळीला जोडून केली, आणि मी मागच्या खोलीत पोत्यावर बसून वाचत असे. यंत्राचा आवाज मंद यावा म्हणून ते खाली रुमालाची घडी ठेवायचे. एकदा घाईत मी माझं पुस्तक बाराव्या खणात ठेवलं, तर माझ्यावर कधीही आवाज न चढवणारा हा माणूस ओरडला, "काढ ते तठून! तठे काडी बी ठेवानी नही!" आणि मग दिवसभर माझ्याशी जास्तच गोड बोलत राहिले. निकाल लागला त्या दिवशी तो मी तारेनेच घेतला, त्यांच्या शेजारी बसून. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांना बी.ए. म्हणजे काय ते समजेना. आप्पा रनाळ्याला गेले आणि त्यांना म्हणाले, "दादा, तुमना आंडोर आते साहेबलोकसना खुलासा मागू शकस." माझे वडील तेवढ्याने समजले.

पुढे मी एम.ए. झालो, दूरच्या कॉलेजात लागलो. आप्पा निवृत्त झाले. त्याच सुमारास तारघरात लोखंडी कपाट आलं, तेव्हा त्यांनी जुनी सागवानी फळी मागून घरी नेली आणि ओसरीत लावली. काकींनी, म्हणजे आप्पांच्या पत्नींनी, तिच्यात दोरा, औषधं, देवाच्या वाती, पंचांग असं सगळं ठेवलं. बारावा खण रिकामा. मी सुट्टीत जायचो, ओसरीत बसायचो, चहा व्हायचा. दरवर्षी जायचो. मग एक वर्ष गेलो नाही. मग दुसरं...

आता ते उत्तर. आप्पांचं कार्ड आलं तेव्हा माझ्या टेबलावर परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे होते. मी लिहिलं, 'आप्पा, पेपर तपासायचे आहेत. थोडं थांबा. पंधरा-वीस दिवसांत नक्की येतो.' हे लिहिताना माझा हात अडला नाही. नऊ वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसलो, त्याला मी हा शब्द लिहिला आणि मला काही आठवलं नाही.

तार मिळाली त्या संध्याकाळी मी पोचलो. सगळं आटोपलं होतं. ओसरीत माणसं बसली होती. काकी भिंतीला टेकून होत्या. मी पाया पडलो आणि वर पाहिलं, सवयीने, खणांकडे. अकरा खण होते तसे होते. बाराव्यात माझं कार्ड होतं. उभं ठेवलेलं.

काकी म्हणाल्या, "कार्ड उनं तवय सोता उठनात. दोन येळ वाचं, आन तठे ठेवं. मी म्हनं, आवं, त्या खणमा तं तुम्ही काडी ठेवू देतस नही. तं म्हने, ऱ्हाऊ दे. मधूनी लांब तार शे. एक तुकडा उना, दुसरा येवाना शे."

बाराव्या खणात लांब तार ठेवायची नाही, हा त्यांचाच नियम होता. माझ्यासाठी त्यांनी तो मोडला होता आणि वाट बघितली होती. काकींनीच हात वर करून कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "ले," त्या म्हणाल्या, "उना ना तू आते."

कार्ड मी घेतलं. खण रिकामा झाला. कडेला चुन्याचं ते बोट अजून होतं, पुसट. मी त्याला हात लावला नाही. ओसरीत बसलेल्यांपैकी कुणीतरी सरकून मला जागा केली, आणि मी बसलो.